फॉर्म घाटावरचा, बाग कोकणातली: गावपातळीवर शेती आणि अन्नाचा आर्थिक अभ्यास कसा करावा

"परवडत नाही" हे कोकणात भाताबद्दल ऐकू येतं, आंब्याबद्दल ऐकू येतं आणि होडीबद्दलही. किती परवडत नाही, कुणाला परवडत नाही, आणि परवडत नसूनही माणसं ते का करत राहतात, याचं उत्तर मात्र हिशोब मांडल्याशिवाय मिळत नाही. एखाद-दुसऱ्या गावात, वर्षभरात, दोन-तीन माणसांच्या बळावर हा हिशोब कसा मांडायचा ते इथे क्रमाने सांगितलं आहे. एमएस्सीचा प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघणारी मंडळी, किंवा आपल्याच गावाचं अर्थकारण समजून घ्यायची हौस असलेलं कुणीही डोळ्यासमोर आहे.

महाराष्ट्रात गावाचा आर्थिक अभ्यास करायची परंपरा जुनी आहे. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास केला त्याला शंभर वर्षं उलटून गेली. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतली गावं वर्षानुवर्षं पाहिली. हे सगळं घाटमाथ्याच्या पलीकडचं. तिथून आलेल्या प्रश्नावलीत एकर असतो, हंगामी पीक असतं, बैलजोडी असते, विहीर असते. कोकणात बागायतदार एकरात बोलत नाही, कलमांत बोलतो. पीक चाळीस-पन्नास वर्षं उभं राहतं. सातबारावर डझनभर नावं असतात आणि त्यातली निम्मी विरार-डोंबिवलीत राहतात. घाटावरचा फॉर्म जसाच्या तसा घेऊन उतरलात तर रकाने सगळे भरतील, पण उत्तरं भलतीच येतील. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारत जायचं आहे: हा रकाना इथे बसतो का?

प्रश्न लहान करा

"कोकणातील आंबा उत्पादकांच्या समस्या" हा अभ्यासाचा विषय होत नाही. त्याची उत्तरं घर सोडायच्या आधीच माहीत असतात: मजूर मिळत नाहीत, माकडं त्रास देतात, दर पडतात. विषय असा हवा, की त्याचं उत्तर आपल्याला आत्ता माहीत नाही आणि आकड्यात येऊ शकतं. उदाहरणार्थ: देवगडच्या दोन गावांत वाशीला, म्हणजे नवी मुंबईच्या घाऊक बाजारात, माल पाठवणारा बागायतदार आणि थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकणारा बागायतदार, यांच्या हातात डझनामागे निव्वळ किती फरक पडतो? किंवा: हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची वैयक्तिक नोंदणी केलेल्या बागायतदाराला त्याच आठवड्यात, त्याच प्रतीच्या फळाला शेजाऱ्यापेक्षा जास्त दर मिळतो का?

"त्याच आठवड्यात, त्याच प्रतीच्या" हे शब्द महत्त्वाचे. थेट विकणारा माणूस बहुधा आधीच बऱ्या स्थितीत असतो. त्याचा भाचा ठाण्यात असतो, फळ लवकर येतं, बाग रस्त्यालगत असते. दर जास्त मिळाला तो थेट विक्रीमुळे की या बाकीच्या गोष्टींमुळे, हे वेगळं काढता येईल अशी तुलना आधीच ठरवायला हवी. माहिती गोळा झाल्यावर ती ठरवता येत नाही.

आधी उपलब्ध कागद

याला दोन आठवडे पुरतात. जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन, कृषी गणना, ई-पीक पाहणीतल्या नोंदी, ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी, कृषी सहायकाकडचं लागवडीचं क्षेत्र. बाजारभावासाठी ॲगमार्कनेट आणि राज्य कृषी पणन मंडळाचं संकेतस्थळ. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात १९७२ पासून झालेल्या कामातले बरेच प्रबंध कृषिकोश या संग्रहात वाचायला मिळतात. आपल्या तालुक्यावर काम झालंय का ते आधी तिथे बघा. झालं असेल तर त्याच गावात पुन्हा जाणं हे नव्या गावात जाण्यापेक्षा जास्त मोलाचं, कारण तुलनेला जुने आकडे हाताशी असतात.

बाजारभावाच्या सरकारी नोंदीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. वृत्तपत्रात बातमी कमाल दराची येते. अभ्यासात सर्वसाधारण दर घ्या.

घरं निवडणं

इथे घाई केली की पुढची सगळी मेहनत वाया. नमुना काढायला बहुतेकजण आठ-अचा उतारा किंवा मतदार यादी घेतात. कोकणात दोन्ही फसव्या. आठ-अ मध्ये मुंबईतला खातेदार सापडतो आणि बाग कराराने घेऊन प्रत्यक्ष कसणारा सापडत नाही. भूमिहीन तर नाहीतच. मतदार यादीत निवडणुकीपुरते गावी येणारेही असतात. त्यापेक्षा वाडीवाडीने चालत जाऊन स्वतः घरयादी करा. प्रत्येक घरासमोर तीनच प्रश्न: घर उघडं की बंद? चुली किती? शेतीचं काम कोण बघतं? राष्ट्रीय नमुना पाहणीतही एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, अशीच व्याख्या आहे आणि कोकणात ती चपखल बसते, कारण एकाच घरात दोन भावांच्या दोन चुली हा नेहमीचा प्रकार.

बंद घरं यादीतून काढून टाकू नका. ती मोजा, आणि त्यांची जमीन कोण करतं ते शेजाऱ्याला विचारा. पडीक आहे, राखणीला दिली आहे की कराराने दिली आहे? गावाच्या शेतीचं निम्मं चित्र या उत्तरांत असतं.

मग वाडीनिहाय चिठ्ठ्या टाका. कोकणातलं गाव वाड्यांत विभागलेलं असतं आणि वाडीगणिक जात, जमीन, पाणी, रस्ता सगळंच बदलतं. सगळ्या गावाची एकच चिठ्ठी काढली तर लहान वाडीतलं एखादंच घर हाती लागतं. समजा एका वाडीत २० उघडी घरं आहेत, दुसरीत ७०. पहिलीतून १० आणि दुसरीतून २० घरं घेतलीत, तर पहिल्या वाडीतलं एक घर २ घरांचं प्रतिनिधी आणि दुसऱ्या वाडीतलं एक घर साडेतीन घरांचं. गावाची सरासरी काढताना हे वजन लावायलाच हवं. न लावता सरळ तीस घरांची सरासरी काढणं ही प्रबंधांत सर्रास दिसणारी चूक आहे.

चिठ्ठीत निघालेलं घर बंद दिसलं म्हणून शेजारच्या घरात शिरायचं नाही. पुन्हा जायचं. सहज सापडणारी माणसं आणि सहज न सापडणारी माणसं यांची मिळकत सारखी नसते. जो घरी नाही तो बहुतेक मजुरीला गेलेला असतो.

मापं स्वतः मोजा

गुंठा सगळीकडे सारखा: ४० गुंठ्यांचा एकर. बाकीच्या मापांवर विश्वास टाकू नका. भात पायली, मण आणि खंडीत सांगितला जाईल. पायली गावोगाव बदलते आणि भाताची पायली व तांदळाची पायली वजनाला वेगळी भरते. वजनकाटा घेऊन जा, घरातली पायली भरायला सांगा, वजन करा, फॉर्मच्या कोपऱ्यात लिहा. नारळ शेकड्यावर, काजूची बी किलोवर, मासे वाट्यावर. मासळी बाजारातला वाटा किती ग्रॅमचा, हे विकणारीला विचारून कळत नाही. खिशात मावणारा स्प्रिंगचा काटा न्या, वाटा विकत घ्या आणि बाजाराबाहेर येऊन तोला. आठवडाभरात चार-पाच वेळा हे केलंत की वाट्याचं बरंच खात्रीचं वजन हाती येतं, शिवाय कालवणाची सोय होते.

आंब्याची पेटी हे तर मापच नव्हे. पेटी चार डझनी असते, पाच डझनी असते, आठ डझनीही असते. फळ लहान तितके डझन जास्त. "पेटीला अडीच हजार मिळाले" हे वाक्य डझन विचारल्याशिवाय लिहूनच घेऊ नका. शक्य असेल तर फळांचं सरासरी वजन घेऊन सगळं किलोवर आणा, म्हणजे प्रती वेगळ्या असल्या तरी तुलना होते.

जमिनीचंही तसंच. सातबारावरचं क्षेत्र म्हणजे कसतं क्षेत्र नव्हे. त्यात कातळ असतो, पोटखराबा असतो, वरकस असते. बागेचा हिशोब कलमांवर मांडा आणि कलमांची नोंद वयानुसार करा: न धरणारी, नुकती धरायला लागलेली, भर उत्पन्नाची, म्हातारी.

कधी विचारायचं

एकाच भेटीत वर्षाचा खर्च विचारला की माणसं गोल आकडे सांगतात. तीन भेटी ठेवा.

पहिली ऑगस्टमध्ये, लावणी उरकल्यावर आणि गणपतीची धांदल सुरू व्हायच्या आत. तेव्हा भाताच्या लावणीचा खर्च ताजा असतो आणि आंब्याला कल्टार (मोहोर येण्यासाठी मुळाशी घालतात ते संजीवक) घालून झालेलं असतं. दुसरी डिसेंबर-जानेवारीत: भात झोडून घरात आलेला, बागेत पालवी-मोहोराच्या फवारण्या चालू. तिसरी जूनमध्ये, मिरगाच्या पावसात, जेव्हा शेवटच्या पट्ट्या (दलालाकडून येणारे विक्रीचे हिशोब) आलेल्या असतात आणि बागायतदार अडकून घरी बसलेला असतो. एप्रिल-मे मध्ये मुलाखतीला जाऊ नये. गेलात तर पेट्या भरायला बसा, बघा, मदत करा, वही नंतर.

वादळानंतर लगेच जाणंही टाळा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते आलं. अशा दिवसांत वही घेऊन आलेला प्रत्येक माणूस पंचनाम्याचा वाटतो आणि नुकसान फुगवून सांगितलं जातं. एरवी उलट होतं: रेशनकार्ड जाईल या धास्तीने उत्पन्न दडवलं जातं. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, की यातून अनुदान मिळणार नाही, कार्डही रद्द होणार नाही, आणि नाव कुठेही येणार नाही. नको म्हणायचा अधिकार आहे, हेही सांगा. आणि मग खरंच नाव लिहू नका. फॉर्मवर फक्त सांकेतिक क्रमांक ठेवा.

बागेचा खर्च

आंबा-काजू हमीभावाच्या यादीत नाहीत. भात आहे, नाचणी आहे, खोबरंही आहे. त्यामुळे भातासाठी कृषी मूल्य आयोगाच्या चौकटीत आयते आकडे मिळतात. बागेचा खर्च आपणच उभा करायचा.

तो दोन तुकड्यांत येतो. पहिला, बाग उभी करण्याचा. सड्यावर कातळ फोडून खड्डे मारायचे, बाहेरून माती आणून भरायची, कलमं, गडगा किंवा तारेचं कुंपण, पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी, राखण. हापूस लागवडीनंतर पाच-सहा वर्षांनी धरायला लागतो आणि नीट उत्पन्न त्यानंतर येतं. तोवर नुसता खर्च. हा खर्च वर्षावर कसा वाटायचा?

समजा एका हेक्टरवर दहा-दहा मीटरवर १०० कलमं आहेत आणि आठव्या वर्षापर्यंत व्याजासकट ५ लाख खर्च झाला. पुढे ४० वर्षं उत्पन्न धरलं. सरळ भागाकार केला तर वर्षाला १२,५०० रुपये, म्हणजे कलमामागे १२५. पण ते ५ लाख बँकेत असते तर? ८ टक्के दराने ४० वर्षांत परतफेड होईल असा वार्षिक हप्ता काढला तर तो येतो सुमारे ४१,९०० रुपये, कलमामागे ४१९. तिपटीहून जास्त फरक. बागायतदाराला हा हप्ता दिसत नाही, कारण तो कुणाला द्यावा लागत नाही. पण नव्याने बाग लावावी का, हा प्रश्न असेल तर दुसराच आकडा वापरायचा. वडिलोपार्जित बाग यंदा राखावी की कराराने द्यावी, हा प्रश्न असेल तर दोन्ही आकडे बाजूला ठेवा. तो पैसा केव्हाच खर्च झालाय. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या योजनेतून ज्यांनी फळबाग लावली त्यांच्या खर्चातलं अनुदान वेगळ्या ओळीत दाखवा. बागायतदाराचा खर्च कमी झाला, समाजाचा झाला नाही.

दुसरा तुकडा दरवर्षीचा: बेणणी, खत, कल्टार, फवारण्या, राखण, काढणी. फवारणीचं विचारताना "औषधाला किती गेले?" असं विचारू नका. विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक समोर ठेवून एकेक फवारणी विचारा: पालवीला केली का? मोहोर फुटताना? तुडतुड्यांसाठी काय मारलं, फुलकिड्यांसाठी पुन्हा मारलं का? पंप कुणाचा, पेट्रोल किती, माणसं किती? असं विचारलं की एकूण आकडा पहिल्या अंदाजाच्या बराच वर जातो. बागेतल्या नेपाळी कामगारांचा पगार, राहण्याची सोय, तांदूळ-डाळ, गावाला जायचं भाडं हे सगळं मजुरीतच धरायचं.

आणि एका वर्षावर निष्कर्ष काढायचा नाही. हापूस वर्षाआड धरणारं झाड आहे. कल्टारने ते पुष्कळ सावरलं तरी हवामान आहेच. पूर्वीच्या दोन हंगामांच्या पट्ट्या मिळाल्या तर तीन वर्षांची सरासरी घ्या. फळपीक विम्याचे पैसे आले असतील तर ते विक्रीत मिसळू नका, स्वतंत्र ओळ ठेवा.

पट्टी वाचायला शिका

वाशीला गेलेल्या मालाची पट्टी हा या अभ्यासातला सर्वांत मोलाचा कागद. तो बहुतेक घरात देव्हाऱ्यामागे, पिशवीत किंवा कॅलेंडरच्या खिळ्याला लटकलेला सापडतो. सगळ्या पट्ट्या मागा, फोटो काढायची परवानगी घ्या आणि तारखेप्रमाणे लावा. पट्टीवर तारीख, पेटीवरचा मार्का, पेट्यांची संख्या, प्रतवार दर, मग वजावटी: गाडीभाडं, हमाली, तोलाई वगैरे, आणि खाली उचलीपोटी (दलालाकडून आधी घेतलेल्या पैशांपोटी) कापलेली रक्कम. २०१६ मध्ये फळ-भाजीपाल्याची अडत (दलालाचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम झाला. तेव्हा पट्टीवर काय छापलंय ते तर लिहाच, पण एकूण रकमेतून हातात आलेली रक्कम वजा करून मधला फरक कशाकशाने भरून निघतो तेही जुळवून बघा. जुळत नसेल तर तोही निष्कर्षच आहे.

आता सरासरी दर. बागायतदाराला विचारा, यंदा दर काय मिळाला? तो म्हणेल, सुरुवातीला पाच हजार, मग अडीच, शेवटी बाराशे. तिघांची सरासरी २,९००. पट्ट्या बेरजेला घ्या: समजा पाच हजारांनी गेल्या १० पेट्या, अडीच हजारांनी ६० आणि बाराशेने १३०. एकूण ३,५६,००० रुपये, पेट्या २००, खरी सरासरी १,७८०. हजाराहून जास्त तफावत, आणि ती नेहमी एकाच दिशेने असते, कारण दर चढा असतो तेव्हा माल थोडा असतो. आंब्यात पैसा आहे असं बाहेरच्यांना वाटतं आणि पैसा नाही असं बागायतदाराला वाटतं, त्यातला बराच भाग या दोन सरासरींमधला आहे.

ग्राहकाच्या रुपयात उत्पादकाचा वाटा काढायचा तर साखळीच्या दुसऱ्या टोकालाही जावं लागतं. समजा पाच डझनी पेटी वाशीत २,५०० ला गेली, खोका, गवत, भरणी, भाडं, हमाली मिळून २८० वजा, हातात २,२२०. तोच माल किरकोळीत ८०० रुपये डझनाने, म्हणजे ४,००० ला विकला गेला. वाटा साडेपंचावन्न टक्के. हा आकडा एकटा लिहिला तर दलाल आणि फळवाला लुटतात असा सूर लागतो. किरकोळ विक्रेत्याकडचं नुकसानही मोजा: किती फळं डागी निघाली, किती साक्याची (आतून खराब) म्हणून परत आली, किती दबली. अढीतून (गवतात रचून) पिकवताना किती घट येते? ही विचारपूस केल्याशिवाय मधल्या १,५०० रुपयांना नफा म्हणू नये. आणि बागेच्या टोकालाही नासाडी आहेच: झेल्याने काढलेलं फळ आणि झोडपून पाडलेलं फळ यांत पेटीत जाण्याजोगं किती, हे काढणीच्या दिवशी बागेत उभं राहून मोजता येतं. कॅनिंगला गेलेला माल वेगळा लिहा. तो किलोवर जातो आणि त्याचा दर पेटीच्या दरात मिसळला की सगळं बिघडतं.

थेट विक्रीवाल्याच्या हिशोबात बहुतेकजण फक्त जास्तीचा दर धरतात. फोन, खास खोके, पार्सल, बदलून दिलेली फळं, नातेवाइकांकडची उधारी, आणि ठाण्यातल्या भाच्याचे शनिवार-रविवार हे लिहिल्याशिवाय तुलना खरी नाही.

उचलीचं व्याज

"कर्ज किती?" या प्रश्नाला सोसायटीचं पीककर्ज सांगितलं जातं. दलालाची उचल कर्ज मानलीच जात नाही, कारण तिला व्याज नाही. विचारायची रीत: फवारणी सुरू व्हायच्या आधी पैसे कुठून उभे राहतात? आणि त्याच्याकडेच माल द्यावा लागतो का?

समजा ऑक्टोबरमध्ये १ लाख उचल घेतली आणि मे मध्ये फिटली. व्याज शून्य. पण बांधील असल्यामुळे त्याच प्रतीच्या मालाला शेजाऱ्यापेक्षा पेटीमागे ६० रुपये कमी मिळाले आणि २०० पेट्या गेल्या. १२,००० रुपये झाले, सात महिन्यांत १२ टक्के. वर्षाच्या हिशोबाने २० टक्क्यांच्या वर. मात्र फरक दर वेळी सापडेलच असं नाही. काही ठिकाणी उचलवाल्याला उलट चांगली वागणूक मिळते, दर पडल्या दिवशीही त्याचा माल उचलला जातो. आकडे येईपर्यंत मत बनवू नका.

भात: तोट्यात, पण कुणाच्या हिशोबाने?

आयोगाच्या चौकटीत खर्चाला पायऱ्या आहेत. रोख खर्च आणि घसारा वगैरे मिळून ए-१. त्यात घरच्यांचे श्रम, स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज धरत गेलं की सी-२ पर्यंत पोचतो. कोकणातल्या भाताचं सगळं कोडं या पायऱ्यांच्या मधे आहे.

समजा २० गुंठ्यांत ६ क्विंटल भात झाला. २०२४-२५ चा साधारण प्रतीच्या भाताचा हमीभाव २,३०० रुपये. भात १३,८०० चा, पेंढा १,५०० चा. हातातून गेलेले पैसे ९,०००. उरले ६,३००. घरच्यांचे २५ दिवस लागले असतील तर रोज पडला २५२. गावची मजुरी ४०० धरली तर तोटाच. पण लावणीच्या त्या दिवसांत दुसरं काम होतं का? आंबा संपलेला, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. काम नसेल तर ४०० धरणं चूक. शिवाय हा भात विकायचा नसतो, खायचा असतो. भरडून जवळपास ३९६ किलो तांदूळ झाला आणि दुकानात तो ४५ रुपये किलो असेल, तर १७,८२० रुपयांची खरेदी वाचली. भरडाईचे १,२०० वजा केले आणि पेंढा धरला तर तोच रोज ३६५ वर जातो. दोन्ही किमती अहवालात ठेवा आणि कुठली का वापरली ते सांगा.

श्रमाचे दिवस घरातल्या बाईलाच विचारा. पुरुष नांगरणीचे दिवस अचूक सांगतात, लावणी-बेणणीचे निम्मे. एकमेकांकडे लावणीला जाण्याची पद्धत असेल तर दिलेले आणि घेतलेले दिवस दोन्ही लिहा.

ताटातला हिशोब

अन्नाचा भाग शेतीच्या फॉर्मला शेवटी चिकटवायचा नसतो. त्याला स्वतंत्र भेट हवी. राष्ट्रीय पाहणीत २०२३-२४ मध्ये ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये होता आणि त्यात अन्नाचा वाटा ४७ टक्के. आपल्या गावाचा आकडा याच्याशी ताडायचा असेल तर विचारायची पद्धतही तीच हवी: तांदूळ-डाळीसारख्या गोष्टी मागच्या ३० दिवसांच्या, मासे-भाजी-अंडी मागच्या ७ दिवसांच्या.

प्रत्येक पदार्थापुढे तो कुठून आला हे लिहा: विकत, घरचा, रेशनचा, की कुणी दिलेला. कोकणात हा रकाना फार बोलका असतो. तांदूळ शेतातला आणि रेशनचाही, नारळ-आमसूल परसातलं, फणस शेजाऱ्याचा, मासे होडीवर जाणाऱ्या दिराच्या वाट्यातले. रेशनचा तांदूळ २०२३ पासून मोफत आहे. खर्चाच्या रकान्यात शून्य, पण किलोच्या रकान्यात तो आलाच पाहिजे. नाहीतर गरीब घर कमी जेवतं असा भलताच निष्कर्ष निघतो.

श्रावणात सर्वेक्षण केलंत तर कोकणी माणूस मासे खात नाही असं सिद्ध होईल. जून-जुलैत ताजे मासे कमी, सुकट-बोंबील-सोडे जास्त. गणपतीत आणि मे मध्ये चाकरमानी येतात, चूल तीच पण पानं दुप्पट. त्यामुळे माणसं न मोजता पानं मोजा: मागच्या सात दिवसांत सकाळ-संध्याकाळ किती जणांनी इथे जेवण केलं? एकूण वापर त्याने भागा. आणि चाकरमानी जाताना तांदूळ, कुळीथपीठ, आंबे नेतो, येताना साखर-तेल-पैसे आणतो. ही दोन्ही बाजूंची ये-जा लिहिली नाही तर कोकणातल्या घराचं उत्पन्नही समजत नाही आणि खर्चही.

पोषणापर्यंत जायचं असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते वापरा. त्याआधी खाण्याजोगा भाग काढा. बांगड्याचं डोकं, नारळाची करवंटी आणि फणसाचं चारखंड यांतून प्रथिनं मिळत नाहीत.

आकडेमोड आणि लेखन

सरासरीबरोबर मध्यकही (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या; दोन मोठे बागायतदार गावाची सरासरी कुठच्या कुठे नेतात. तीस-चाळीस घरांवर उत्पादन फलन (कुठल्या खर्चाने उत्पादन किती वाढतं याचं गणिती सूत्र) बसवायचा मोह प्रबंधात होतो, मार्गदर्शकही सुचवतात. पण एवढ्या घरांत दहा चलं घातली की येणारे गुणक पुढच्या वर्षी चिन्हासकट बदलतात. नीट केलेली तीन कोष्टकं त्याहून उपयोगी. गाळलेल्या नोंदी, न भेटलेली घरं, गृहीत धरलेला व्याजदर, घरच्या श्रमाचा दर हे सगळं एका पानावर लिहा, म्हणजे दुसऱ्याला वेगळा दर घालून तोच हिशोब पुन्हा करता येईल. व्याज ८ ऐवजी १२ टक्के धरलं तर निष्कर्ष टिकतो का, हे आपणच आधी तपासा.

अहवाल सादर करायच्या आधी गावात वाचून दाखवा. प्रत्येक घराला त्याच्या स्वतःच्या आकड्यांचं एक पान बंद पाकिटात द्या, गावाचे आकडे सगळ्यांसमोर मांडा. "राखणीला एवढेच? माझ्याकडे तर दुप्पट जातात" असं कुणीतरी म्हणेलच. तो आक्षेप टिपून घ्या, त्या ओळीचे सगळे फॉर्म पुन्हा काढा आणि दुरुस्ती झाली असेल तर जुना व नवा दोन्ही आकडे अहवालात ठेवा.